दगडी पाला आणि दाबून धरलेला अंगठा



मागील अंकातील उतारवयातील त्वचेविषयीचा लेख वाचून एका वाचकभगिनींनी सविस्तर पत्र पाठविले आहे. त्यांच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसविला, तेव्हापासून रक्त न गोठण्याच्या गोळ्या चालू आहेत. हातापायाला काही लागले, की सासूबाई नातवाला सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत पिटाळतात आणि दगडी पाला आणवितात. तो चोळून जखमेवर बांधतात आणि वर कोणाला सोडू देत नाहीत. ‘त्यांनी आयुष्यभर साऱ्या वाडीच्या जखमा याच पाल्याने बऱ्या केल्या आहेत. मी नको म्हटले की त्यांचे मन दुखावते, आणि हो म्हटले की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. काय करू?’ असा त्यांचा प्रश्न आहे. हा प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळे आजचा लेख त्याच्याच उत्तरासाठी.

प्रथम या पाल्याची ओळख करून घेऊ. श्रावणाच्या सुमारास कुंपणाच्या कडेला, विहिरीच्या काठावर, शहरात तर वाहनतळाच्या फरशांच्या भेगांतूनही हे रोप जमिनीलगत पसरू लागते. पाने खरबरीत, कडांना दाते, अंगावर बारीक लव. आणि वीतभर उंच, सरळ, बिनपानाच्या एकाच दांडीच्या टोकाला पिवळ्या गाभ्याचे, फिकट पांढऱ्या पाकळ्यांचे चिमुकले फूल. या दांडीवरूनच त्याला एकदांडी म्हणतात. कोठे कंबरमोडी म्हणतात. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना नाव आठवले नाही तरी त्याचा वास आठवेल. गवत कापताना विळा बोटाला लागावा, कोणी तरी पाच-सहा पाने ओरबाडावीत, तळहातावर चोळून हिरवा रस जखमेत पिळावा, चोथा वर ठेवावा आणि अंगठ्याने घट्ट दाबून म्हणावे, ‘हलू नकोस.’ क्षणभर झोंबे, आणि थोड्या वेळाने रक्त थांबलेले असे. तमिळ भाषेत तर या रोपाचे नावच ‘कापल्याच्या जखमेची वनस्पती’ अशा अर्थाचे आहे. म्हणजे हा अनुभव केवळ आपल्याकडचा नाही.

आश्चर्य वाटेल, पण ही वनस्पती मूळची आपली नाही. ती उष्ण कटिबंधातील अमेरिकेतली. लिनियसने १७५३ साली तिचे शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स असे नोंदविले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ जमिनीवर लोळणारी. तिच्या बियांना म्हातारीसारखे केस असतात आणि वाऱ्यावर त्या कोठेही जातात. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत ती नाही, असण्याचे कारणही नाही. कोकणात आणि घाटावर जिला रानमोडी म्हणतात आणि जिचा पालाही कापल्या जागी चोळतात, तीही अमेरिकेतूनच आलेली. केरळात तिला ‘कम्युनिस्ट पच्चा’ असे मिस्कील नाव आहे! परकी वनस्पती अंगणात उगवली, कोणी तरी ती चोळून पाहिली, गुण आला, आणि दोन-चार पिढ्यांत ती ‘आजीबाईचे औषध’ झाली. परंपरा याही वाटेने घडते. त्यात कमीपणा काही नाही. उलट आपल्या पूर्वजांची नजर किती सावध होती हेच त्यातून दिसते. मात्र ‘हजारो वर्षांचा अनुभव’ हे शब्द दगडी पाल्याला लावता येत नाहीत, एवढे ध्यानात असावे.

हजारो वर्षांचा अनुभव पाहायचा असेल, तर तो सुश्रुतसंहितेत आहे. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात रक्त थांबविण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्ये व्रणाची तोंडे जुळवितात, थंडावा रक्त गोठवितो, भस्म जखम सुकविते आणि डाग दिल्याने शिरा आकुंचन पावतात, असा त्याचा भाव. वहनाचा जोर ओसरत नसेल तर लोध्र, ज्येष्ठमध, गेरू, राळ यांसारख्या द्रव्यांचे बारीक चूर्ण जखमेच्या तोंडावर हळूहळू भुरभुरावे असे तेथे म्हटले आहे. आणि त्याला लागूनच आणखी एक सूचना आहे, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही: बोटाच्या टोकाने ते दाबून धरावे, आणि नंतर घट्ट बांधावे.

माझ्या मते सारे मर्म या दाबण्यात आहे. लहानशी रक्तवाहिनी कापली गेली की ती स्वतःच आखडते, रक्तातील बिंबिका फटीशी गोळा होऊन बूच तयार करतात आणि काही मिनिटांत त्यावर तंतूंचे जाळे विणले जाऊन खपलीचा पाया बसतो. हे काम शरीर आपणहून करते. त्याला एकच अडचण असते, वाहणारे रक्त कोवळे बूच पुन्हा पुन्हा धुऊन नेते. दाब दिला की प्रवाह मंदावतो आणि बूच टिकते. आजीचा अंगठा हेच करीत असे. पाला काहीच करीत नव्हता असे मी म्हणणार नाही. तुरट रसामुळे वरवरच्या सूक्ष्म वाहिन्या थोड्या आवळतात. दगडी पाल्याच्या अर्काने काचेच्या नळीतील रक्त लवकर गोठल्याचे आणि उंदरांच्या जखमांवर काही परिणाम दिसल्याचे प्रयोगही झाले आहेत. परंतु काचेची नळी म्हणजे नडगी नव्हे. पाल्याचा वाटा किती आणि अंगठ्याचा किती, असे मला कोणी विचारले, तर मी निःशंकपणे मोठा वाटा अंगठ्याला देईन.

आता सासूबाईंकडे येऊ. पाला तोच आहे, अंगठाही तोच आहे. बदलले आहे ते शरीर. ज्या काळातला त्यांचा अनुभव आहे, त्या काळी जखमा होत्या तरण्या, कष्टाळू हातांच्या. त्यांची त्वचा जाड, रक्त गोठण्याची शक्ती शाबूत, रक्तातील साखर बेताची. आज त्यांची त्वचा जुन्या पोथीच्या पानासारखी झाली आहे. शिवाय ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्यांचे कामच मुळी बिंबिकांना गोळा होऊ न देण्याचे असते. ॲस्पिरिनचा परिणाम बिंबिकेच्या आयुष्यभर, म्हणजे सात ते दहा दिवस टिकतो. वॉरफेरिन, डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान ही औषधे तंतूंचे जाळे विणण्याच्या कामात अडथळा आणतात. लोक यांना ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या’ म्हणतात. रक्त त्यांनी पातळ होत नाही, गोठण्यास वेळ लागतो इतकेच. आणि तो वेळ पाल्याचा रस पिळून कमी होत नाही.

येथे एक धोक्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. रक्त थांबत नाही म्हणून या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. बोटाचे रक्त दहा मिनिटे अधिक वाहिले तर फारसे बिघडत नाही; स्टेंटमध्ये गुठळी झाली तर प्राणाशी गाठ पडते. बंद करायच्या की नाही, किती दिवस, हे ज्या डॉक्टरांनी त्या लिहून दिल्या त्यांनाच विचारावे.

मग घरी करायचे काय? स्वच्छ रुमाल, धुतलेल्या मऊ सुती कापडाची घडी किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी निर्जंतुक गॉजची घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने किंवा बोटांनी घट्ट दाबा. घड्याळ पाहून दहा मिनिटे. मध्येच ‘थांबले का पाहू’ म्हणून उचलू नका. सर्वांत जास्त चूक येथेच होते, कारण प्रत्येक डोकावण्याबरोबर नवे बूच निघून येते. रक्त न गोठण्याच्या गोळ्या चालू असतील तर पंधरा-वीस मिनिटे धरावे लागेल, हे मनाशी आधीच ठरवून खुर्ची ओढून बसा. कापड भिजले तर ते काढू नका, त्यावर दुसरे ठेवा. हात किंवा पाय उशीवर, हृदयापेक्षा उंच ठेवा. जखमेत काच किंवा पत्रा रुतलेला असेल तर तो उपटू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा आणि दवाखाना गाठा. रक्त उसळ्या मारीत येत असेल, किंवा वीस मिनिटांच्या दाबानंतरही थांबत नसेल, तर दाब न सोडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

रक्त थांबल्यावर लहान जखम नळाच्या वाहत्या स्वच्छ पाण्याखाली काही मिनिटे धरावी, भोवतालची त्वचा साबणाने पुसावी. जंतुनाशक द्राव पाणी न घालता जखमेत ओतू नये; त्याने जंतूंबरोबर नवी पेशीही जळते.

वृद्धांच्या बाबतीत एक जखम फार वेळा दिसते आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. पलंगाच्या कडेला, चाकाच्या खुर्चीच्या पायरीला, कधी सेवा करणाऱ्याच्या बांगडीला घासून नडगीची किंवा दंडाची त्वचा कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटून येते. अशा ठिकाणी पाला चोळणे म्हणजे तो पापुद्रा गुंडाळून फेकून देणे होय. तो मौल्यवान असतो. रक्त दाबून थांबवावे, पाण्याने हलके धुवावे, ओल्या गॉजने पापुद्रा अलगद ओढून पुन्हा जागेवर पसरावा, वर व्हॅसलीन लावलेली जाळी ठेवावी आणि तिच्यावर सैलसर पट्टी गुंडाळावी. चिकटपट्टी त्वचेला थेट लावू नये; काढताना ती दुप्पट त्वचा घेऊन येते. कात्रीने पापुद्रा कापू नका. तो पुष्कळदा पुन्हा धरतो, आणि न धरला तरी खालच्या कोवळ्या त्वचेचे पांघरूण होतो.

पायांच्या फुगलेल्या निळ्या शिरा ज्यांना आहेत, त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पुढील ओळी लक्षपूर्वक वाचाव्यात. घोट्याजवळची अशी शीर नखाने खाजविल्याने किंवा न्हाणीघरात टॉवेलने घासल्यानेही फुटते. दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि रक्त मात्र थारोळे व्हावे इतके वाहते. उभे राहून पाला शोधत फिरणे हे येथे सर्वांत वाईट, कारण उभे राहिले की शिरेतील दाब वाढतो. तेथेच, ओल्या जमिनीवर का होईना, आडवे व्हा, पाय भिंतीला टेकवून उंच करा आणि फुटल्या जागी बोटाने दाबा. रक्त बहुधा पाहता पाहता थांबते. पुढे डॉक्टरांना दाखवावे हे ओघाने आलेच.

घोळणा फुटला की दूर्वांचा रस नाकात पिळण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याबरोबरच रुग्णाला उताणे निजवून कपाळावर पाणी थापतात. ही दुसरी चाल तरी ताबडतोब सोडावी. रक्त घशात उतरते, ठसका लागतो, पोटात गेले तर उलटी होते. रुग्णाला बसवा, मान किंचित पुढे झुकवा, नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटे दाबा. श्वास तोंडाने घेऊ द्या. येथेही पुन्हा दाबच!

डोक्याला मार लागला असेल तर मात्र बाहेरचे रक्त थांबले म्हणून निश्चिंत होऊ नये. रक्त न गोठण्याची गोळी घेणारी व्यक्ती पडून डोके आपटली, की जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी रुग्णालयात नेऊन तपासून घ्यावी. कवटीच्या आत सावकाश साचणारे रक्त कित्येक दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी लक्षणे दाखविते: वाढती डोकेदुखी, गुंगी, उलटी, बोलण्यात घोटाळा, एका बाजूला झुकणारी चाल. घरचे म्हणतात, ‘वय झाले, विसरायला लागले आहेत.’

आता बांधून ठेवलेल्या पाल्याविषयी. चोळलेला पाला दोन-तीन दिवस फडक्याखाली बांधून ठेवण्याच्या सवयीची मला खरी भीती वाटते. या रोपाची पाने लवदार असल्यामुळे धूळ धरून ठेवतात. ती जमिनीलगत वाढतात, जेथे गुरे-कुत्री फिरतात. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात असतात. त्यांना हवा नकोशी असते, आणि खोल जखमेवर गच्च बांधलेला ओला चोथा त्यांना हवे तसे बंदिस्त घर देतो. आपल्या देशात लहान मुलांसाठी विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांना बालपणीचे डोस मिळालेच नाहीत. स्त्रियांना गरोदरपणी तरी काही इंजेक्शने मिळाली असतील, पुरुषांचे काय? म्हणून घरात धनुर्वाताविरुद्ध सर्वांत उघडे पडलेले माणूस बहुधा आजोबाच असते. पूर्वी जिला ‘टीटी’ म्हणत तिच्या जागी आता ‘टीडी’ ही लस देतात. तीत घटसर्पाविरुद्धचाही अंश असतो. मूळ डोस पूर्ण झाले असतील तर दर दहा वर्षांनी एक पुरेसा. मातीने मळलेली वा खोल जखम झाली आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटून गेली असतील, तर पुन्हा घ्यावा लागतो. कधी घेतला हे आठवत नसेल, तर घेतला नाही असे समजून डॉक्टरांना विचारावे.

मधुमेहींच्या पायाला तर पाला, चुना, राख, तपकीर, कॉफीची पूड यांतले काहीही बांधू नये. पायाची संवेदना कमी झालेली असते. खाली पू झाला तरी दुखत नाही आणि हिरव्या चोथ्याआडून दिसतही नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या पायाच्या अंगठ्यावर चार दिवस बांधलेले फडके सोडले, तेव्हा आधी वास आला, मग जखम दिसली. अंगठा गमवावा लागला. हळदीविषयी लोक हमखास विचारतात. स्वयंपाकघरातील हळदपूड निर्जंतुक नसते, आणि तिच्या रंगाखाली जखमेभोवतीची लाली झाकली जाते; संसर्गाची पहिली खूण तीच असते. हळद वरणात राहू द्यावी.

आणखी एक लहानशी गोष्ट. दगडी पाला सूर्यफुलाच्या कुळातला, आणि गाजरगवतही त्याच कुळातले. ज्यांना गाजरगवताने अंगाला खाज, पुरळ येते, त्यांना या पाल्यानेही तसे होण्याचा संभव असतो. अधू दृष्टीच्या आजोबांनी किंवा घाईत असलेल्या नातवाने एकाऐवजी दुसरेच ओरबाडून आणणेही अशक्य नाही.

‘मग पाला मुळीच वापरू नये का?’ असे कोणी त्राग्याने विचारील. शेतावर, गावापासून दूर, धडधाकट माणसाच्या बोटाला विळा लागला, जवळ स्वच्छ कापड नाही, तर धुतलेला पाला चोळून दाबून धरणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. घरी आल्यावर मात्र जखम धुवावी आणि सुईचे पाहावे. पण स्टेंट, मधुमेह, फुगलेल्या शिरा, पातळ त्वचा यांतले एकही ज्या घरात आहे, तेथे पाला अंगणातच शोभतो.

पत्रलेखिका भगिनींना माझे सांगणे असे. जखम झाली की सासूबाईंच्या हातून पाला हिसकावू नका. गॉजची घडी त्यांच्याच हाती द्या आणि म्हणा, ‘आई, तुम्हीच दाबून धरा, तुमच्याइतके नेमके कोणाला जमणार?’ हे खोटे कौतुक नाही. साठ वर्षे जखमा दाबलेल्या त्या अंगठ्याला जोर किती द्यायचा हे तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक कळते. घड्याळाची वेळ तुम्ही सांगा. नातवाला पाल्याऐवजी डबा आणायला पाठवा: निर्जंतुक गॉजची सात-आठ पाकिटे, व्हॅसलीनची जाळी, गुंडाळण्याच्या दोन पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, हातमोज्यांचे दोन जोड. झाकणाच्या आतल्या बाजूस एक कागद चिकटवा. त्यावर सासूबाईंच्या सर्व गोळ्यांची नावे व मात्रा, टीडी घेतल्याची तारीख आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा. चष्मा न लावता त्यांना वाचता येईल इतक्या मोठ्या.